ट्रॉलरच्या पोटातली नशा

(देवळातून नुकतेच परतलेले भिकाजी आणि शेवंती घराच्या पडवीत. लेक रिया, उपकेंद्रातली नर्स, ड्युटीवर निघायच्या तयारीत.)

भिकाजी: साऱ्या गावासमोर माझी अब्रू घालवलंस गो! म्हणे, ‘म्हाराजा, माझ्या घोवाची दारू सोडव.’ आणि सगळे मेले एका सुरात, ‘व्हय म्हाराजा!’

शेवंती: मगे काय करू? तुमका सांगून जीभ झिजली, म्हणान देवाक गाऱ्हाणा घातलंय.

भिकाजी: अगो, पण मी थेंब पिणंय नाय!

शेवंती: होय? आणि शुक्रवारी तुळशीर कोण आपटलो? तुळशीकच ‘सॉरी भाई’ म्हणालास, आणि मगे खळ्यात बसान एकटेच हसत रवलास.

रिया: आये, दारूचो वास नाय होतो तो. थिनराचो होतो.

भिकाजी: आयक! पोर माझी हुशार. मंगेशच्या ट्रॉलरच्या पोटात रंग मारतंय ना सध्या. थिनरान पुसूचा, थिनरान रंग पातळ करूचो. डोक्याक वायच गुंगी येता. फुकटची नशा!

रिया: आणि वरसून ताडपत्री?

भिकाजी: चारी बाजून बांधलेली. पाऊस आत शिरलो तर रंगाक फोड येतत. नारळी पुनवेक ट्रॉलर पाण्यात जावक व्हयो. आणि मी काय येडो नाय, रुमाल भिजवन नाकार बांधतंय.

रिया: ओल्या रुमालान धूळ अडता, बाबा. वाफ अडणा नाय. ती थेट रक्तात जाता, थयसून डोक्यात. काम झाल्यार हात कशान धुतास?

भिकाजी: थिनरानच. दुसऱ्या कशान रंग सुटता?

रिया: कातडीतसूनव आत जाता ता! बोटां बघू. हयसर टोचतंय, कळता?

भिकाजी: वायच.

शेवंती: वायच म्हणजे?

भिकाजी: म्हणजे हल्ली जाळ्याची गाठ धड मारूक येणा नाय. वय झाला, दुसरा काय!

शेवंती: माका बोललास नाय.

भिकाजी: तू रडतलंस म्हणान.

शेवंती: जळला मेला ता काम! ह्यापरीस दारू परवडली. दारूवांगडा माका भांडूक तरी येता.

रिया: आये, बंद पोटात एकटो माणूस बेशुद्ध पडलो तर वरच्यांका कळणा पण नाय. माणसां मरतत ह्यात.

शेवंती: उद्या जाऊचा नाय. मी सांगतंय.

भिकाजी: आणि मंगेशाक काय सांगू? तो माझ्या भरवशार बसलोहा. खालचो कोपरोच तर उरलोहा.

रिया: मगे ताडपत्री सोडूची. पाऊस इलो तर काम बंद. वाफेचो वेगळो मास्क मिळता, तो येयपर्यंत खाली उतरूचा नाय. आज माझ्यावांगडा चला, डॉक्टरांका बोटां दाखवया. आणि खाली उतरताना कमरेक दोर बांधूचो, वरती सतत एक माणूस व्हयो, हाक मारूक.

भिकाजी: कोण रवतलो? सगळे आपापल्या होडयेर.

शेवंती: मी रवतंय.

रिया: पण बाबांनी ओ देवक नाय तर तू आत उडी मारू नको हां. कमरेचो दोर ओढूचो, माणसांका बोलवूचा.

शेवंती: हे खाली पडलेले, आणि मी वर उभी रवान बघू?

रिया: होय, आये. आत गेलंस तर तूव पडतलंस. मगे मी खय जाऊ?

भिकाजी: रडू नको गो, बाय माझे. बरा, सोडतंय ताडपत्री. पण शेवंती, तू हाक काय म्हणान मारतलंस? बंदरार सगळ्यांच्याच बायलो ‘अवो, अवो’ करतत. पोटात बसान माका कसा कळतला, माकाच बोलवतंस म्हणान?

रिया: बरोबर हा. नाव घेवक व्हया, आये.

शेवंती: काय तरीच! तुझ्यासमोर?

रिया: मी तोंड फिरवन थय बघतंय. घे नाव.

शेवंती: भिकाजी.

भिकाजी: ओ.