अकरा नंबरचा पेशंट

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष अंगदराव, व्यासपीठावरील ज्येष्ठ डॉक्टर मंडळी, सत्कारमूर्ती डॉ. भीमराज साळवे सर, भागिरथीवहिनी, आणि सरांसमोर कधी ना कधी ज्यांनी ‘आ’ केलेला आहे असे समस्त श्रीगोंदेकर, सर्वांना माझा नमस्कार.

मी डॉ. वृषाली. सरांच्या दातांच्या दवाखान्यात नऊ वर्षं दुसऱ्या खुर्चीवर काम केलं. सोमवारपासून दोन्ही खुर्च्या माझ्या. हे वाक्य घरी चार वेळा म्हणून पाहिलं होतं, तरी आत्ता कागदात बघूनच म्हटलं.

दवाखाना मला विकायचा म्हणजे आधी त्याची किंमत काढायला हवी. नगरहून सीए आले. खुर्च्या, कॉम्प्रेसर, एक्स-रे मशीन अर्ध्या तासात मोजून झालं. तूर्त एक आकडा त्यांनी लिहून दिला. मग पेशंटच्या कार्डांच्या कपाटावर हात ठेवून म्हणाले, “डॉक्टर गेल्यावर यातले किती लोक मॅडमकडे येतील, त्यावर खरी किंमत. महिनाभर तुम्ही बसू नका, कळेल.”

सर बसायचे थांबले. आणि काय सांगू! लहान मुलांचे दात, दात साफ करणं, एवढ्यापुरती मी चालत होते. दाढ काढायची तर सरच हवेत. सव्वीस वर्षं दवाखाना सांभाळणाऱ्या आमच्या मालनबाई दारात सांगायच्या, “डाक्टर न्हाईत, म्याडम हायेत.”

“मग आमी पुढच्या बाजाराला येतो.”

एक आजी सुजलेला गाल धरून म्हणाल्या, “दुखतंय लई, पन थांबते.” अध्यक्षमहोदय, रागावू नका, त्या थांबणाऱ्यांत आपणही होतात.

बँकेचं कर्ज मंजूर होऊन बसलेलं आणि माझी खुर्ची रिकामी. सरांना ‘मला जमणार नाही’ हे कसं सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

तिसऱ्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, बाहेरचे बाक भरले होते. डॉक्टर येतील या आशेवर दहा जण बसलेले. आणि सर खरंच आले. मालनबाईंना म्हणाले, “नंबर द्या.”

“कुनाचा?”

“माझा. दाढ दुखतेय.”

“काय गरिबाची थट्टा लावलीय, डाक्टर!”

अकरावा नंबर मिळाला. आधीचे दहाही सरांसाठीच थांबलेले, त्यामुळे तो लगेच आला. सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, “दार उघडं राहू द्या.”

ती हलणारी दाढ नगरच्या डॉक्टर मित्राकडे जाऊन काढायची, असं ते दिवाळीपासून म्हणत होते. ज्यांनी मला सुई धरायला शिकवली, त्यांच्याच हिरडीत ती टोचायची? पण सरांनी शांतपणे डोळे मिटले, आणि मग मीही सुई उचलली. दारात दहा माना लांब झाल्या होत्या.

दाढ निघाली. सर कापूस चावत बाहेर गेले आणि बाकावर जाऊन बसले. बोलता येत नव्हतं. त्या सुजल्या गालाच्या आजींना नुसती आत जायची खूण केली. आजी त्यांच्याकडे निरखून बघत उठल्या. “चला बया. डाक्टर जित्ता हाय.”

त्या दिवशी एकेक करून सगळे माझ्या खुर्चीत बसून गेले, बाक रिकामे झाले. महिन्याअखेर सीएंनी आकडा वाढवला. वाढवणारच. सरांनी नवा कागद घडी करून त्यांच्या हातात परत दिला. “जुनाच राहू द्या. आता ही माणसं मॅडमची आहेत. त्यांचीच माणसं त्यांना मी कशी विकू?”

सर, तेव्हा मी आभार मानले नव्हते. मागच्या खोलीत जाऊन धुतलेलीच हत्यारं पुन्हा धूत राहिले. आज मानते. तुम्हाला आठवडाभर मऊ भात करून घालणाऱ्या वहिनींचेही मानते, आणि ही संधी देणाऱ्या आयोजकांचेही.

पण सर, त्या दाढेची जागा अजून रिकामीच आहे. जागा फार दिवस मोकळी ठेवली की शेजारचे दात कलतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हा सोमवारी यायचं. मालनबाईंनी तुमचं कार्ड काढून ठेवलंय. या वेळी नंबर पहिला.

माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर आपण सर्वांनी ते पोटात घालावं. सरांनी मात्र सोमवारी सांगावं, ‘आ’ करायच्या आधी.