कापूस बोलत नाही

माहं माहेर अकोल्याचं, जठारपेठेच्या पल्याड, बाप जिनात, सरकी काढाच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी वाहे, आंघोळ केली तरी अंगाचा सरकीचा वास जाये नाही. तो म्हने, लाकूड जळते त तडतड बोलते, कापूस बोलत नाही पोरी, आतल्या आत खात जाते, पेटलेली गाठ हौदात बुडवली तरी पोटात विस्तव जिता राह्यते. लहानपनी मी हसो.

लग्न होऊन अमरावतीले आली, राजापेठेत. माहे मालक सुतार, घराची दारं-खिडक्या करनारे, अन् त्याईचा दोस्त उस्मानभाई पत्र्याच्या कोठ्या बनवे. काय सांगू तुमाले ताई, एकाले ठेच लागली त दुसरा कन्हे. महाराष्ट्र झाला त्या सुमाराले दोघाईनं बैल जुंपून एक मोडकी मोटर अंगनात आनली. इंजिन अन् चाकं धड, वरचं सारं गंजलेलं. म्हने, बॉडी आपन घरीच बनवू अन् चांदूर रेल्वे गावाले पाशिंजर पोचवू. मालक सागवानाचा सांगाडा उभा करत, उस्मानभाई त्यावर पत्रा ठोके, सारी गल्ली कावली. कोनी इचारे, काहो, मोटर बनवून राहिले का खाट? उस्मानभाई म्हने, खाटच हाये, तुमच्या सासऱ्यासाठी.

आता मालक सुतार घराचेच. मांगच्या दाराईले घरासारख्या कड्या ठोकल्या, बाहेरून, अन् डायव्हरच्या मांगं फळीची भिंत. म्या म्हटलं, आतल्या मानसानं निघाव कसं? त म्हने, डायव्हर उतरून उघडन, साहेबावानी उतरतीन पाशिंजर. सीटमधी काथ्या भरतात म्हने, पन वऱ्हाडात काथ्या कोठून आनाव, कापूस त घराघरात. तोच गच्च दाबून भरला, वरून नवं रेक्झिन ठोकलं.

शेवटल्या दिवशी उस्मानभाई सीटजवळच शेगडी ठेवून, लोखंड तापवून, पत्र्याच्या फटी झाळत होता. ठिनग्या उडून राहिल्या होत्या. संध्याकाळी दिवा लावाले निघाली त मले वास आला, वात विझवल्यावर येते ना, तसा. सीटले हात लावला, एका जागी ऊन. म्या म्हटलं, अहो, आत विस्तव हाये, फाडा हे. मालक म्हने, दिवसभर उन्हात होती, तापनारच, जिनवाल्याची पोरगी तू, तुले भाकरीतही कापूस जळल्याचा वास येते. उस्मानभाई म्हने, भाभी का दिल रखो यार, अन् दोन बादल्या ओतल्या. रेक्झिनवरून सारं पानी खाली वाहून गेलं. फाडलं कोनीच नाही. सकाळी वास नव्हता, अन् त्याचंच मले जास्त भेव वाटलं.

हार घातला, नारळ फोडला. उस्मानभाई चालवाले, मालक मांगं एकटेच, साहेबावानी. गाडी वळेपर्यंत मी पाह्यत राह्यली, मांगून धूळ उडून राहिली का धूर, मले उमगलं नाही.

हवा लागली ना ताई. वाटेतच सीट पेटली. मालक आतून दार बडवून राहिले, कडी बाहेर. उस्मानभाई उडी टाकून मांगं आला तवर कडी त्याच्याच शेगडीतल्या लोखंडावानी तापलती. त्यानं फडकं शोधलं नाही. उघड्या हातानं ओढली.

मालक वाचले, पाठ भाजली तेवढी. उस्मानभाईच्या तळहातावर कडीचा वळ जन्मभर राह्यला, मूठ मिटे नाही, हातोडी धराची कशी? मंग पत्रा मालक ठोकत अन् तो बाजूले बसून सांगे, अबे हळू, पत्रा हाये, सागवान नाही. जेवाले बसले का त्याची भाकर मालकच मोडून देत.

आता दोघंही नाहीत. मालकानं पुढं जेवढी दारं केली, कडी आधी आतून लावली. अन् मले बसाच्या आधी हात लावून पाहाची सवय लागली ती लागलीच. तुमी आल्या, माहं बोलनं लिहून घेतलं, देव तुमचं भलं करो. तुमी बसल्या त्या गादीखाली तुमी येन्याच्या आधीच हात घालून पाह्यला म्या. आता तरी थंड हाये. बसा अजून.