संताच्या दिवसाचं आमंत्रण

सर्बियातल्या नोव्ही सादच्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतकक्षाबाहेर मी बसले होते. माझं बाळ मांडीवर नुकतंच झोपलं होतं. शेजारी घानाचा एक मुलगा खोली बदलण्याचा अर्ज भरत होता. तेवढ्यात त्याची घरमालकीण धापा टाकत आली.

“एबो! मला न सांगता खोली सोडतोस?”

“देसांकामावशी, मी तुम्हाला घरात नकोय.”

“कोण म्हणालं?”

“तुमच्या घरच्या संताच्या दिवशी तीस माणसं जेवली. मी पलीकडच्या खोलीत तळलेल्या माशाचा वास घेत बसलो. मला कुणी बोलावलं नाही.”

“अरे, त्या तिसांना तरी मी कुठे बोलावलं होतं?”

“म्हणजे?”

“त्या दिवसाचं आमंत्रण द्यायचं नसतं, बाळा. आपली माणसं आपणहून येतात. तुझी खुर्ची मी कुणाला दिली नाही. दीर बिचारा स्टुलावर बसला! मला वाटलं, तूच रुसलास.”

“आईनं बजावलंय, बोलावल्याशिवाय कुणाच्या ताटावर बसायचं नाही.”

“गुणाची आहे तुझी आई. पण तुझ्या वाट्याचा मासा वाया गेला ना!”

दार उघडलं. कक्षातल्या बाई डोकावल्या.

“खोली बदलायची आहे ना?”

“नाही, राहू दे.”

“अहो बाई, पहिल्या दिवशी मुलांना बसचा पास, दवाखाना सगळं सांगता, मग संताच्या दिवसाचं का नाही सांगत?” देसांकामावशींनी विचारलं.

“ते काय सांगायचं असतं? आता आमच्या घरच्या संताचा दिवस शुक्रवारीच आहे. पाचवा मजला, डावीकडचं दार. मी बोलावत नाहीये हं!”

“मग न बोलावता किती वाजता येऊ?” एबोनं विचारलं.