चौकटीतलं गाढव

—अरे राजा, मासा तळायला वेळ आहे अजून, ऐक तरी. हो, दुकानाच्या खिडकीतलं पोस्टर हेझलचंच. हरली ना पोटनिवडणूक, काल. एका मताने. एका! लंडनहून टीव्हीवाले आले होते एवढी अटीतटीची! मी महिनाभर तिच्यासाठी दारं ठोठावली, लोकांची कुत्री अंगावर घेतली — कशासाठी? आपला पोहण्याचा तलाव वाचावा म्हणून. आणि तो बुजवून फ्लॅट बांधायला निघालेला उमेदवार कोण? क्लाइव्ह. माझा माजी नवरा. आता बोल!

तर मत द्यायला गेले. दोरीला बांधलेली ती बोटभर पेन्सिल, हेझलच्या नावापुढे फुली मारायची — एवढंच काम. पण तिच्या वरच क्लाइव्हचं नाव. डोकंच फिरलं. त्याच्या नावापुढच्या चौकटीत गाढव काढलं — कान, दात, टाय. काय छान जमलं म्हणून सांगू! त्याच आनंदात कागदाची घडी घातली नि टाकला पेटीत. फुली? कुठली फुली? घरी येऊन किटली ठेवली तेव्हा आठवली. देव अक्कल वाटत होता तेव्हा मी बटाटे सोलत असणार.

बरं, मोजणीला हेझलची प्रतिनिधी म्हणून मीच उभी, छातीवर तिच्या पक्षाच्या रंगाचं फितीचं फूल लावून. तीनदा मोजलं. मग शंकेच्या मतपत्रिका टेबलावर आल्या — आणि त्यात हे माझं गाढव! मीच ओरडले, "बाद करा, ही शिवी आहे!" अधिकारी चष्मा सारून म्हणतो, "खूण एकाच चौकटीत आहे, बाई. आणि गाढव हसतंय." अरे, माझं गाढव हसतंच! मला दुसरं येत नाही! पण हे सांगू कुणाला? मत गेलं क्लाइव्हला. हेझल माझ्याच खांद्यावर रडली आणि मी तिची पाठ थोपटतेय. लाज वाटली रे, फार लाज वाटली.

आणि क्लाइव्ह? कागदाकडे बघतच राहिला. लग्नाची सगळी वर्षं त्याच्या सँडविचच्या कागदावर तेच गाढव काढून द्यायचे मी — टायसकट. मान वर करून माझ्याकडे बघून असा हसला... त्याला वाटलं की — छे, तसलं काही नव्हतं. गाढव म्हणजे गाढव. सकाळपासून फोन करतोय मेला.

—लिपस्टिक? ही रोजचीच. चिप्सवर व्हिनेगर घालू? थांब... पलीकडे गाडी लावतोय तो क्लाइव्हच का? घे, घे, चिप्स घे, माशाचं उद्या बघू. नीघ! तलावाबद्दल बोलायचंय मला त्याच्याशी, दुसरं काही नाही. — आणि हे बघ, दार उघडंच ठेव.