दोनशे सेंटीमीटरच्या आत

नाही, पण मला एक सांगा, उंची काय माणसाच्या हातात असते का हो? नाक, रंग, उंची... हे सगळं वरून ठरून येतं, आपण नुसतं अंगावर घेऊन हिंडायचं! पण हे सांगणार कुणाला? लीगवाल्यांना? त्यांनी सरळ फतवा काढला, परदेशी खेळाडू दोनशे सेंटीमीटरच्या आत पाहिजे, वर गेला की परत विमानात! अहो, बास्केटबॉल आहे की भुयार खणायचंय? उंच माणसांचाच खेळ ना हा? मग उंच माणूस आला की तुमच्या पोटात का दुखतं?

तुम्हाला सांगतो, मी कॉर्डेल पेटवे, मूळचा अमेरिकेतल्या पाइन ब्लफचा. आधी पोलंड झालं, तुर्कस्तान झालं, आणि आता नऊ वर्षं इथे कोरियात, चुनचॉनच्या संघात. वय पस्तीस. या वयाच्या खेळाडूला दुसरं कोण घेणार? आणि मला दुसरं येतंय काय? सातवीपासून एकच उद्योग केला, चेंडू पकडायचा आणि टोपलीत टाकायचा! इथून हाकललं की संपलाच की हो कारभार.

बरं, त्यात पाप माझंच. कॉलेजात आमच्याकडे सगळेच उंची फुगवून लिहितात. मी खरा दोनशे दोन, कागदावर दोनशे सहा! आणि घरी आई होतीच मागे लागलेली. "कॉर्डेल, ताठ उभा राहा! वाकलेल्याला कुणी विचारत नाही!" चर्चमध्ये ताठ, जेवताना ताठ, शाळेत मार खातानासुद्धा ताठ. अशा माणसाला आमचे योम कोच बोलावतात, हिरवा चहा पुढे ठेवतात आणि म्हणतात, "पेटवे, ते वरच्या दोन सेंटीमीटरचं काहीतरी कर." काहीतरी कर! जसं काही दाढी वाढलीय, करून ये!

मग आला आमचा सांग-उक. हा संघाचा दुभाषा, पोरगा गुणी, पण डोकं भलतीकडेच चालतं. "दादा, मी वाचलंय! माणूस सकाळी लांब असतो, संध्याकाळपर्यंत आखडतो. मणक्यावर वजन पाहिजे." म्हटलं, कुठलं वजन? म्हणतो, "मी आहे ना!" आणि बसला की खांद्यावर! आमच्या इमारतीचे चौदा मजले, दिवसातून तीनदा, मी जिन्याने वर आणि हा माझ्यावर. नवव्या मजल्यावर एक आजीबाई कोबी घेऊन उभ्या. "अगंबाई, त्या वरच्याच्या पायाला काय झालंय?" आता वडीलधाऱ्यांसमोर वाकायचं ही यांची सवय, सांग-उक वरच्या वर कमरेतून वाकला... मी, तो आणि सहा कोबी, सगळे आठव्या मजल्यावर! उंची काय माणसाच्या हातात असते का हो? हातात नसते, पण गुडघ्यात लागते.

मोजणीचा दिवस उजाडला. आम्ही हातापाया पडून दुपारी चारची वेळ मागून घेतलेली. सकाळी जेवायला गेलो तर आमच्या खानावळीच्या ओक-जा मावशींनी पुढे काय ठेवावं? चिक्कट गोळी! इथे परीक्षेला जाताना तीच देतात, म्हणजे पोरगं पास झालेल्यांच्या यादीला चिकटतं. आणि समुद्री शेवाळाचं सूप त्या दिवशी घरात शिजवायचं नाही, कारण ते बुळबुळीत, खाल्लं की घसरलाच! म्हटलं, "मावशी, मला चिकटायचं नाहीये हो! घसरायचंय! दोन सेंटीमीटर खाली घसरायचंय! सूप द्या!" मावशी हादरल्या. "परीक्षेच्या दिवशी सूप? माझ्या हातून नाही व्हायचं! माझा भाचा एक वाटी प्यायला नि तीन वर्षं घरी बसला!" पण मी तोंड असं केलं म्हणता... शेवटी शिजवलं बिचारीने, डोळे पुसत शिजवलं, आणि मी तीन वाडगे ओरपले.

चार वाजता लीगचे चष्मेवाले साहेब. "मोजे काढा." काढले. "गुडघे सरळ." आणि स्वतः वाकून गुडघे दाबले हो माझे! "मान वर." मी छातीतली सगळी हवा सोडली, नऊ वर्षांची सोडली! पट्टी टाळूवर टक्कन बसली. साहेब चष्मा वर करून बघतायत, खाली करून बघतायत... "एकशे नव्याण्णव पूर्णांक आठ!"

अहो, मी साहेबांना उचललं! सांग-उक ढसाढसा रडला! पेपरवाले होते, फोटो छापून आला, आणि दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "एवढं नाचतोयस, जिंकलास काय?" म्हटलं, "आई, मी बुटका ठरलो!" ती हळूच म्हणाली, "तुला ताठ उभं राहायला शिकवलं ते यासाठी होय रे?" तिच्या त्या एका वाक्याने माझ्या सगळ्या आनंदावर पाणी पडलं.

खेळलो, वर्षभर जीव तोडून खेळलो. वसंतात योम कोचनी पुन्हा बोलावलं. पुन्हा हिरवा चहा. इथे चहा पुढे आला की समजायचं, काहीतरी शेकणार. "पेटवे, तो उंचीचा नियम रद्द झाला." मी टाळीच वाजवली! सुटलो, आता ना जिना ना सूप! कोच म्हणाले, "म्हणून आम्ही दोनशे चौदाचा माणूस आणतोय. आम्हाला उंच हवाय." अहो सर, मी आहे की उंच! दोनशे दोन! त्यांनी खणातून कागद काढला. "इथे एकशे नव्याण्णव पूर्णांक आठ आहे. खाली सही तुझीच." आणि उठून वाकले माझ्यासमोर, म्हणजे निरोपच. मला रडू आलं हो, खोटं कशाला बोलू?

मग सांग-उकने तैवानचा एक संघ शोधला. पस्तिशीचा चालेल म्हणाले, अट एकच. सांगा बघू कुठली? दोनशेच्या वर पाहिजे! नवा कागद पाठवा म्हणाले. तोच सांग-उक आता बागेतल्या दांडीला मला लटकवतोय आणि खालून पाय ओढतोय, शेजारी व्यायाम करणारे आजोबा मोजतायत, "ओढ, ओढ, अजून दहा!" मणका लांबावा म्हणून दोन दिवस नुसते झोपून काढले. मावशींनी शेवाळाचं पोतंच शेजारणीकडे नेऊन ठेवलं आणि मला ताटभर चिक्कट गोळ्या! दात निघायची वेळ आली, पण सगळ्या खाल्ल्या.

आज सकाळी, उठल्या उठल्या, खानावळीच्या दाराशी उभा राहिलो. मावशींनी हात जोडलेले, सांग-उक स्टुलावर पट्टी घेऊन, आणि फोनवर आई, तिला म्हटलं होतं, तूही बघ. श्वास भरून घेतला, मान ताणली, टाळू आढ्याला लावायचीच बाकी! सांग-उक बघतोय... पुन्हा बघतोय... बोलेचना.

"अरे, बोल की!"

"दादा... एकशे नव्याण्णव पूर्णांक आठ."

बरोब्बर तेवढंच! दात हलले, दांडी झाली, दोन दिवसांची झोप झाली, आणि आकडा तोच! ना सूप ना जिना, नुसतं वय हो! वयानंच दोन सेंटीमीटर खाल्ले आणि आम्ही सुपाला श्रेय देत बसलो! मावशी पदरासारखा एप्रन डोळ्याला लावून आत गेल्या. उंची काय माणसाच्या हातात असते का हो?

आणि तेवढ्यात फोनमधून आई ओरडली, "कॉर्डेल, असा काय उभा आहेस? ताठ उभा राहा!"

म्हटलं, "आई... ताठच उभा आहे गं."