अहो म्हणजे कोण?

—चावत नाय हो कुत्रं, बसा! दात हायेत कुठं त्याला धड? होते ते माझ्या चपलेत मोडले. हे बघा, अनवाणी बसलोय ना? उजवी यानं खाल्ली, डावी मी रागानं याच्याच अंगावर फेकली, तर तीबी खाल्ली. सरका, सावलीत या. अंबडला कंपनीत म्हणता? आणि खोलीवर एकटेच? अरारारा—एकटा माणूस म्हणजे बिनमिठाची आमटी. मग न्या की याला! फुकट! गावठी नाय हे, परदेशी माल हाय—जॉर्जियाचा. तुम्ही ऐकलंय? मी नव्हतं ऐकलं. चौथीच्या पुस्तकात तो देश नव्हता, आणि चौथीच्या पुढं हा कोंडाजी गेला नाय. आमची नात साक्षी तिकडं डॉक्टर व्हायला गेली—माणसांची हां—आणि आली ती हे घेऊन. बर्फात पाय मोडून पडलं होतं म्हणे रस्त्यावर. हिनं उचललं, पाय बांधला, शिक्षण संपल्यावर विमानात घातलं आणि आणलं. मी अजून विमान खालूनच बघतो, आणि हे बेणं ढगातून आलं!

कानातला पिवळा बिल्ला बघताय ना? तिकडं सुई टोचली की मोकाट कुत्र्याला लावतात. आपल्या म्हशीला असतो तसाच. पहिल्या दिवशी मी विचारलं, "दूध किती देतं गं हे?" नात हसली. मालन नाय हसली—मालन म्हणजे आमचं कुटुंब, ती काय बाजाराच्या पलीकडच्या कडेला, शेवंतीच्या पाट्यांमागं फुलं विकतेय, हिरव्या लुगड्यात. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक खोडीला पदर तोंडाला लावून हसणारी बाई, त्या दिवशी नुसती याच्या लंगड्या पायाकडं बघत राहिली. मग नातीला पुण्यात नोकरी लागली, खोलीमालक कुत्रं ठेवू देईना, तर ही म्हणते, "आण इकडं, मी घेते दत्तक." दत्तक! मी म्हटलं, मग सातबाऱ्याला नाव लाव, झेंडूचं वावर कर त्याच्या नावावर. तर म्हणते, "बघू." बघू म्हणाली, भाऊ!

आता नावाची गंमत ऐका. नात म्हणायची बिचो—तिकडच्या बोलीत पोऱ्या. मालनला ऐकू आलं बिचारा. मी म्हणायचो विंचू. एका जिवाला तीन नावं, मग ते कशालाच ओ देईना. आणि आमच्या घरात दिवसभर हाक एकच—"अहो!" अहो, पाटी उचला. अहो, मोटर बंद करा. नवऱ्याचं नाव तिनं उखाण्यात घेतलं तेवढंच. माझे गुडघे हे असे, कुरकुर वाजतात. मग सुचली खोडी! ती "अहो" म्हणाली रे म्हणाली की मी गुपचूप भाकरीचा तुकडा तिच्याकडं भिरकावायचो. विंचू धावायचा. ती चिडायची, "तुला नाय रे, त्यांना!" मी आपला बाजेवर, पोट धरून हसत. काय मजा! पाटी मग तीच उचलायची... असो.

पण पुढं भाकरी फेकायची गरजच राहिली नाय. आणि हाकेचा सूर फिरला. पूर्वी "अहोऽऽ" म्हणजे विहिरीत बादली आपटल्यासारखं—आता लोणी! परवा दुपारी मी ओट्यावर पडलो होतो, आतून आवाज आला: "अहो, ऐकता का? तुम्ही हायेत म्हणून घरात करमतंय बघा." मी म्हटलं, मालन, आता या वयात? उठलो, टोपी सारखी केली, मिशीला पाणी लावलं, गेलो आत—तर ती याला दूधभाकरी कुस्करून भरवतेय! कुत्र्याला अहोजाहो! आणि मला काय म्हणते? "तुम्ही कशाला उठलात?" कशाला उठलात म्हणे. हसा तुम्ही. मीबी असंच हसलो, तिच्यासमोर. मग गोठ्यात गेलो. गोठ्यात धूळ लय असते, डोळ्यात जाते.

म्हणून म्हणतो, न्या याला. ती गिऱ्हाइकात गुंतलीय, कळायचं नाय. मी सांगेन, पळालं. रडेल, दोन घास कमी जेवेल—आणि मग "अहो" म्हणेलच ना कुणाला तरी? दुसरं हाय कोण घरात? धरा दोरी. अशी हाताला गुंडाळा, हिसडा मारतं ते. जाय रे विंच्या, सुखी राहा. माझ्याकडं काय बघतो? मी काय—

थांबा. हाक आली. ऐकलंत? "अहो" म्हणाली! बघा, कान टवकारले यानं. उठलं! मीबी उठलोय की. दोघंबी उभे—आता कुणाला म्हणाली हो ती? थांबा, थांबा, पुढं काहीतरी... "बिचाऱ्याला उचलून आणा, फरशी तापलीय, पाय भाजतील त्याचे!"

ऐकलंत, भाऊ? बिचारा वेगळा, अहो वेगळा! अहो म्हणजे मी! आलो गंऽऽ, आलो!—सोडा ती दोरी. कुणी दिलं तुम्हाला कुत्रं? चांगले कामावरचे माणूस दिसता, आणि लोकांच्या घरातला दत्तक उचलता? चल रे विंच्या, ये खांद्यावर. चाटू नको, मिशी हाय ती.

स्स्स—आईशप्पथ, तापलीय हो फरशी. माझे पाय? माझे पाय कुणी विचारलेत? निघा तुम्ही!