शालीचा रंग

व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या रेल्वे दवाखान्यात ऑडेसा बाकावर बसली होती. शेजारी मालगाडीचा म्हातारा ड्रायव्हर आणि त्याची बायको कुजबुजत होते.

“माझी शाल कोणत्या रंगाची?”

“हिरवी.”

“अहो, लाल आहे! आत डॉक्टरांनी रंग ओळखायला लोकर दाखवली की काय सांगाल?”

“हळू बोल!”

“मग सिग्नल कसा कळतो तुम्हाला?”

“इंजिनावरचा फायरमन सांगतो.”

“आणि तो भट्टीत कोळसा टाकत असला तर?”

“तर देवाचं नाव घेतो.”

“कोण आहे फायरमन?”

“नवाच आहे. व्हर्नन टॅकेट.”

ऑडेसा ताडकन उठली.

“व्हर्नन माझा नवरा आहे.”

म्हातारीने तिचा हात घट्ट धरला. “पोरी, आमचं पोट आहे गं या नोकरीवर.”

ऑडेसाचे डोळे भरून आले. तिने हात सोडवून घेतला आणि डॉक्टरांचं दार ठोठावलं.